तडितकुमारचा संसार

॥ श्री ॥

पुणे, १० सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप काकांस,
प्रांजलीचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट जाड आहे म्हणून दचकू नका, सगळं ठीक आहे. परवा फोनवर मी तुम्हाला गणपती कसे झाले असं विचारलं आणि तुम्ही मला गवारीचा भाव सांगितलात. तेव्हाच ठरवलं की आपलं पत्रच बरं. कागदाला तरी मोठ्यानं ओरडावं लागत नाही.

काम असं आहे. तडितकुमार नावाची एक हिंदी कार्टून मालिका आहे. चौदा वर्षांचा मुलगा, गणितात नापास, पण वीज कडाडली की निळा झगा घालून आकाशात उडतो आणि दुष्टांना बदडतो. तो समोर दिसल्याशिवाय घरोघरची पोरं जेवायला तोंड उघडत नाहीत. त्याचा दिवाळी विशेष भाग यायचा आहे आणि त्याचं मराठी मी करतेय. तमोराज नावाचा राक्षस दिवाळीच्या आदल्या दिवशी पृथ्वीवर काळी गोधडी घालतो, त्यामुळे एकही दिवा लागत नाही. मग तडितकुमार येतो. पुढचं तुम्हाला न वाचताही कळेल.

वाहिनीच्या लोकांनी अटी घालून जीव नकोसा केलाय. फटाके नकोत, धूर दिसतो. पणत्या नकोत, मुलं आगीशी खेळतील. चकल्या तेलकट, लाडू गोड, म्हणून फराळ बाद. मी अभ्यंगस्नान घातलं तर पाण्याची नासाडी दिसते म्हणाले. देव तर पहिल्याच बैठकीत गेले. आता उरलाय फक्त आकाशकंदील. तोही अशासाठी ठेवलाय की डिसेंबरात त्याच्या शेपट्या कापून चांदणी करायची आणि हाच भाग नाताळ विशेष म्हणून पुन्हा दाखवायचा. त्यामुळे मला दिवाळीला सुट्टी नाही. इकडे अजून दसरा व्हायचाय आणि मी सांताक्लॉजचं मराठी करून ठेवतेय.

सोबत सगळे संवाद पाठवतेय. नजरेखालून घालाल का? इथं सगळे अस्सल पुणेरी. मी ग्वाल्हेरची म्हटल्यावर माझ्या मराठीकडे ते पाहुण्यांच्या लहान मुलाकडे बघावं तसं बघतात. मी आमच्या साहेबबाईंना, सीमंतिनी मॅडमना, सांगून ठेवलंय की माझे काका ग्वाल्हेरला चौतीस वर्षं मराठी आणि संस्कृत शिकवत होते, त्यांच्या हातून आजवर एकही अशुद्ध शब्द जिवंत सुटलेला नाही.

आणि हो, काकूला फोन केला तर मागून मंदामावशीचा आवाज येत होता. काकू बहिणीकडे बिर्लानगरला का आहे? विचारलं तर म्हणाली, तुझ्या काकांना विचार. म्हणून विचारतेय.

उत्तर लवकर पाठवा. माझ्यावर आहे तेवढीच माया या तडितकुमारवरही करा.

आपली,
प्रांजली

॥ श्री ॥

नई सडक, लष्कर, ग्वाल्हेर
१६ सप्टेंबर २०२५

चि. प्रांजलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र व बाड पोचले. एकूण एकसष्ट चुका निघाल्या. सर्व लाल शाईने दाखवल्या आहेत. नमुन्यादाखल सांगतो. शुभेच्छा 'व्यक्त होत' नाहीत, त्या देतात. राक्षसाला 'मजा येत' नसते, त्याला मजा वाटते. 'मी तुला सोडणार नाही आहे' हे वाक्य कोणत्या देशातले? तडितकुमार हे नाव मात्र निर्दोष आहे. बहुधा नजरचुकीने तसे झाले असावे.

जिथे दोष नाही त्या पानाच्या कोपऱ्यात 'निर्दोष' असे लिहून सही केली आहे. अशी चारच पाने निघाली, यावरून काय तो बोध घ्यावा.

दिवाळीतून पणती, फराळ, स्नान आणि देव काढल्यावर जे उरते त्याला दिवाळी नव्हे, रविवार म्हणतात, हे तुझ्या मॅडमना माझ्या वतीने सांग.

माझे उत्तम चालले आहे. सकाळी खिचडी करतो, तीच संध्याकाळी खातो. ती अलीकडे पांढरी होते. हळद कुठे असते ते सापडले नाही. घरात शांतता असल्याने वाचन पुष्कळ होते. काल एकच पान दोन तास वाचले.

तुझी काकू हवापालटासाठी मंदाताईंकडे गेली आहे. बिर्लानगर येथून पाच-सहा किलोमीटरच असले तरी तिकडची हवा निराळी आहे. मीही दर गुरुवारी टेम्पोने तिकडे जातो. तिथे एक जण चपला फार सुबक शिवतो.

बाकी क्षेम. तुझ्या ऱ्हस्व-दीर्घांविषयी काळजी व तुझ्याविषयी प्रेम दोन्ही आहेच, पैकी दुसरे कायम राहील.

तुझा काका,
भालचंद्र

॥ श्री ॥

बिर्लानगर, ग्वाल्हेर
२५ सप्टेंबर २०२५

चि. प्रांजलीस,
वनमालाकाकूचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. मोबाइल असताना मीही पत्रच लिहितेय, याचं कारण तुला सांगते. अडतीस वर्षांत यांच्या नजरेखालून न जाता पोस्टात पडणारं हे माझं पहिलं पत्र आहे. आजवर माझ्या आईला लिहिलेलं पत्रही लाल होऊन जायचं. आज मनसोक्त चुका करणार आहे.

हवापालट लिहिलं का त्यांनी? वाचून मंदाताई पोट धरून हसली. मी नाही हसले. काय झालं ते ऐक.

मंडळाच्या गणपतीत समारोपाला सदाशिवरावांनी आभार मानायचं काम मला दिलं. अध्यक्षांनी स्वतः घरी येऊन सांगितलं, मग नाही कसं म्हणायचं? आमचं घराणं फौजेतलं, आमच्याकडे भाषणं करायची पद्धत नाही. तरी चार दिवस आरशासमोर पाठ केलं. सगळं नीट झालं गं. शेवटी म्हटलं, गणरायाच्या कृपेनं साऱ्या संसारात सुख नांदो. तर हे पहिल्या रांगेतून उठून उभे राहिले आणि भर सभेत म्हणाले की संसारात नव्हे, जगात. संसार म्हणजे घरप्रपंच, जग हा हिंदीतला अर्थ झाला. दोनशे माणसं हसली. मी हातातला कागद तसाच घेऊन खाली उतरले. आणि हे कानाचं यंत्र घरी विसरून आले होते, प्रांजली! आरती ऐकू आली नाही, ढोल ऐकू आला नाही, माझा तेवढा संसार ऐकू आला.

घरी येऊन मी एवढंच म्हटलं की जग तुमचं, तुम्ही सांभाळा. संसार माझा, तो मी घेऊन जाते. दोन साड्या, चष्मा आणि मिसळणाचा डबा घेतला आणि इथं आले.

वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी येतील आणि चूक झाली म्हणतील. चूक शब्दाची नाही म्हणत मी, दोनशे लोकांत उठून उभं राहण्याची. तर त्यांनी काय पाठवावं? शब्दकोशातल्या पानाची झेरॉक्स! संसार शब्दाखाली घरप्रपंच या अर्थाला लाल रेघ मारून. त्याच पानावर चार ओळी खाली जग असाही अर्थ दिलेला आहे, तिथं मात्र रेघ नाही. मंदाताई म्हणते की हा माणूस भगवंतालाही शुद्धिपत्र पाठवेल.

दर गुरुवारी समोरच्या टपरीवर येऊन बसतात. चपला दुरुस्त करायला म्हणे. तीन आठवड्यांत त्या चपलेचं मूळचं काही उरलं नसेल. मी खिडकीतून बघते. कॉलर मळलेली असते. बघवत नाही, खोटं कशाला सांगू. पण मी मंदाताईकडून निरोप धाडलाय की चूक झाली हे दोन शब्द तोंडानं म्हणा, त्याच पावली येते. दिवाळीपर्यंत वाट बघेन. तोवर नाही म्हणाले तर दिवाळी इथंच करेन आणि मग पुढचंही इथंच. हे मी रागानं लिहीत नाही, म्हणून तूही हसण्यावारी नेऊ नकोस.

तब्येतीला जप. काकूवरची माया तेवढी पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
वनमालाकाकू

॥ श्री ॥

पुणे, १३ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप काकांस,
प्रांजलीचा शि. सा. न. वि. वि.

काका, गोंधळ झालाय. बसून वाचा.

काल सकाळी तडितकुमारचा दिवाळी विशेष लागला. काळी गोधडी खाली येतेय, लोक किंचाळताहेत, वीज कडाडते, आमचा नायक गच्चीवर उतरतो, दोन्ही हात कमरेवर ठेवतो आणि गर्जतो की घाबरू नका, मी तुमचा संसार वाचवायला आलो आहे! त्याच्या मागे नेमके एका बाल्कनीत नवरा-बायको उभे काढलेले. मग तमोराज हसतो आणि म्हणतो की उद्या सकाळपर्यंत एकाचाही संसार उरणार नाही, सगळे संसार मी अंधारात बुडवीन.

हिंदीत सगळीकडे संसारच होतं, मी तसंच ठेवलं. शपथेवर सांगते, मला काही म्हणजे काही खटकलं नाही. आपल्या ग्वाल्हेरात सगळे असंच बोलतात! ध्वनिमुद्रणाच्या वेळी नायकाचा आवाज देणाऱ्या मुलानं विचारलं होतं म्हणे की चौदा वर्षांचं पोर कोणाचा संसार वाचवणार. पण सीमंतिनी मॅडमनी तुमची सही दाखवली. पान तेवीस, कोपऱ्यात 'निर्दोष'. ग्वाल्हेरच्या भाषातज्ज्ञांनी तपासलंय म्हटल्यावर त्याची काय बिशाद?

काल दुपारपासून महाराष्ट्र हसतोय. मुलं बाजूलाच राहिली, बायका बघताहेत. सांगलीच्या एका बाईंनी वाहिनीला लिहिलं की आमच्याकडे दर शनिवारी गोधडी पडते, या मुलाला पाठवून द्या. मला वाटलं, आज नोकरी गेली. सकाळी बैठकीला बोलावलं तर तिथं पेढे! वाहिनीचा एक साहेब फळ्यावर बाण काढून समजावत होता की विवाहित स्त्रियांचा प्रेक्षकवर्ग आपण किती धाडसी विचार करून मिळवला. तो विचार कोणी केला हे कोणी मला विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आता नाताळ विशेषमध्येही संसार वाचवायचा आहे. सांताक्लॉजच्या पोतडीत काय घालायचं यावर उद्या चर्चा आहे. फराळ आणि देव चालले नाहीत, पण भांडणारं जोडपं चालतंय.

पण हे पत्र त्यासाठी नाही. काल रात्री काकूला फोन केला. तिनं अश्लेषाबरोबर, म्हणजे मंदामावशीच्या नातीबरोबर, तो भाग बघितला होता. मी सांगितलं की हे काकांनी तपासलं होतं आणि या पानावर निर्दोष लिहून सही केली होती. मग तिनं तीनदा विचारलं की नक्की हेच पान का. मी सांगून टाकलं की काकांनी मुद्दामच सोडलं असणार, तुझा शब्द बरोबर ठरवण्यासाठी. काका, ती रडत होती. बहुतेक पिशवी भरायला घेतली असेल तिनं.

तुम्ही मुद्दामच सोडलंत ना? नसलं तरी असं म्हणा. एवढं एकच खोटं बोला, माझ्यासाठी. तुम्हाला दुसरं काही करायचं नाहीये, फक्त गप्प बसायचंय.

तुमच्या होकाराची वाट बघणारी, आणि तोवर नमस्कारच करत राहणारी,
प्रांजली

॥ श्री ॥

नई सडक, लष्कर, ग्वाल्हेर
१६ ऑक्टोबर २०२५

चि. प्रांजलीस,
आशीर्वाद.

तुझे पत्र आज सकाळी मिळाले. तुझे बाड परत पाठवण्यापूर्वी तपासलेल्या पानांची जी झेरॉक्स ठेवली होती ती काढून पान तेवीस पाहिले. संसार हा शब्द त्या पानावर तीन वेळा आहे. खाली माझी सही आहे.

मी ते मुद्दाम सोडलेले नाही. मला ते दिसले नाही.

दिसले नाही म्हणतो, तेही खरे नव्हे. ते वाक्य मी त्या दिवशी चार वेळा वाचले होते, हे मला पक्के आठवते. घाबरू नका, मी तुमचा संसार वाचवायला आलो आहे. मला त्यात काही वावगे वाटले नाही. उलट वाचून बरे वाटले. कोणीतरी आले, असे वाटले. अंगात निळा झगा घातलेल्या एका नापास पोराकडून मी आशा धरून बसलो होतो आणि जगाचा विषय चालला आहे हे माझ्या ध्यानातही आले नाही. चौतीस वर्षे शिकवलेल्या माणसाची ही अवस्था. हे तुला लिहितानाही लाज वाटते, पण घरात दुसरे कोणी सांगायला नाही.

तू म्हणतेस, गप्प बसा. आज दिवसभर बसून पाहिले. गप्प बसलो तर ती येईल, हे मला कळते. पण ती ज्या माणसाकडे परत येईल तो मी नसेन. तो कोणी उदार मनाचा मनुष्य असेल, ज्याने बायकोसाठी मुद्दाम एक चूक राहू दिली. मी तसा नाही. तिला अडतीस वर्षे ठाऊक आहे की मी तसा नाही. चुकीच्या समजुतीवर तिला घरी आणणे मला जमणार नाही.

उद्या वसुबारस. बिर्लानगरला जातो आणि दुरुस्ती करून येतो. त्यानंतर ती आली नाही तर तो तिचा अधिकार आहे. चालेल, असे मात्र मी लिहू शकत नाही. चालणार नाही.

या पत्रात काही ठिकाणी खाडाखोड झाली आहे, ती क्षम्य मानावी. आशीर्वाद तुला आहेतच; या खेपेस तूही मला थोडे दे.

तुझा काका,
भालचंद्र

॥ श्री ॥

नई सडक, लष्कर, ग्वाल्हेर
१९ ऑक्टोबर २०२५

चि. प्रांजलीस,
काकूचे पोटभर आशीर्वाद.

वरचा पत्ता वाचलास ना? मग आता सावकाश वाच.

शुक्रवारी सकाळी मी मंदाताईकडे चकल्या पाडत होते. खरं सांगते, तुझा फोन आला त्याच रात्री पिशवी भरली होती. फक्त स्वतःहून कसं जायचं म्हणून दोन-चार दिवस थांबले होते. धनत्रयोदशीचं निमित्त करून जाणारच होते. एवढ्यात हे आले. धुतलेला सदरा, कानात यंत्र, हातात तुझं ते बाड. मंदाताईनं कौतुकानं पाट मांडला. यांनी पाटावर बसून चष्मा पुसला आणि सुरू केलं की प्रांजलीनं तुला जे सांगितलं ते असत्य आहे, पान तेवीसवरचा शब्द मी मुद्दाम सोडलेला नाही.

मंदाताई आधी माझ्या मागून आणि मग समोर येऊन त्यांना खुणा करत होती की पुरे, गप्प बसा. यांचं लक्ष असेल तर ना! ओळ क्रमांकासह सगळं सांगितलं. कुठे वाचलं, किती वेळा वाचलं, वाचताना काय वाटलं. ते शेवटचं सांगताना खाली मान घालून बसले होते.

मला आधी असा संताप आला, प्रांजली. भरलेली पिशवी तिथं दाराशी दिसत होती. तोंड मिटून बसले असते तर मी मुकाट्यानं पाठोपाठ निघाले असते. या माणसाला आयतं मिळालेलं भलं नावसुद्धा दुरुस्त केल्याशिवाय घेता येत नाही! म्हटलं, झाली का दुरुस्ती? मग या आता. आणि सोऱ्या हातात घेऊन पाठ फिरवली.

ते उठले नाहीत. मी न बघताही मला कळत होतं की तोंड उघडताहेत आणि मिटताहेत. दोनदा घसा खाकरला. एकदा माझं नाव घेतलं आणि पुढे काही नाही. मी तशीच पाठमोरी चकल्या पाडत राहिले, पण एक धड येईना. आणि मग एकदम म्हणाले, गलती हो गई वनमाला, उस दिन भी. घर चलो.

हिंदीत! अगं, हा माणूस नई सडकेवरच्या भाजीवाल्याशी मराठीत घासाघीस करतो. तो बिचारा ऐकून ऐकून मराठी शिकला. पण चूक झाली हे यांना मराठीत म्हणताच येईना. जन्मात कधी म्हटलंच नव्हतं, तर येणार कुठून? मी वळून बघितलं तर स्वतःच दचकले होते, जसं काही दुसरंच कोणी बोललं. डोळे भरले होते. माझेही भरले, तेलाच्या धुराचं निमित्त तरी किती वेळ पुरणार?

एवढ्यात अश्लेषानं शेजारून तोंड उघडलं. तिला शाळेत मराठी आहे ना, ती सांगायला निघाली होती की आजोबा, गलती नाही, चूक म्हणतात. मी चटकन एक गरम चकली तिच्या तोंडात कोंबली.

तुझ्या सगळ्या बऱ्या-वाईट वाक्यांसकट आमची आहेस, तशीच राहा.

तुझी,
वनमालाकाकू